देवावर सोपवलं म्हणजे नक्की काय केलं?



आज जरा भांडायला बसले आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे ते बहुतेक आपल्याच नात्यातले आहेत आणि हे वाचणारही आहेत. तेव्हा पाठीमागे बोलले असं कुणी म्हणू नये.

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवली. दरवेळी मुलांना सांगायचे, बाळांनो, ही आळशी माणसाची थट्टा आहे, उपदेश नाही. मुलांना ते लगेच कळायचं. मोठ्यांना कळत नाही असं दिसतं. कारण हल्ली तीच म्हण सोवळं नेसून 'सगळं देवावर सोपवा' या रूपात घरोघर फिरते, आणि आपण तिला वाकून नमस्कार करतो!

झालं असं. आमच्या नात्यातल्या एका मुलाला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. आता तो चौदा वर्षांचा आहे. रोज चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. हिशेब सोपा आहे, वर्षाला १४६० सुया, पाच वर्षांत ७३००. बोट टोचून साखर तपासायची ती वेगळीच. आणि हे 'बरं झालं एकदाचं' म्हणण्यासारखं दुखणं नव्हे. याला रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही.

मध्यंतरी एका मुंजीत या मुलाच्या आईला गाठून दोघातिघांनी उपदेश केला. एक म्हणाले, "एवढं देवाचं करता, मग महिनाभर सुया बंद करून त्याच्यावर सोपवून तरी बघा." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "श्रद्धा कमी पडत असेल गं, नाहीतर इतकी वर्षं गुण आला नसता का?" तिसऱ्यांनी तर मुलाचं पूर्वजन्मीचं पाप काढलं. ती बिचारी काही बोलली नाही. जेवणाच्या पंगतीत पोराला बाजूला नेऊन तिने सुई दिली आणि पुन्हा येऊन वाढायला लागली.

ती बोलली नाही, म्हणून मी बोलते.

पहिल्या सल्ल्याचं आधी बघू. या आजारात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. सुया बंद केल्या तर महिना लांब राहिला, एकदोन दिवसांतच रक्तात विषारी आम्ल साठू लागतं आणि जीव धोक्यात येतो. इन्सुलिन मिळण्याआधी अशी मुलं बहुतेक वर्ष-दोन वर्षंच काढायची, तीही उपाशी ठेवून, हाडांचा सापळा होऊन. त्यांच्या आया देवाला हात जोडत नसतील असं वाटतं का तुम्हाला? त्यांची श्रद्धा कमी होती म्हणायचं का?

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. तोही चौदाच वर्षांचा होता. गंमत बघा, ते पहिलं औषध नीट लागू पडलंच नाही. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, उलट मुलाला त्याची रिअ‍ॅक्शन आली. त्या वेळी डॉक्टरांनी 'देवाची इच्छा नाही' म्हणून हात टेकले असते तर? त्यांनी टेकले नाहीत. जेम्स कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने ते औषध आणखी शुद्ध केलं, बारा दिवसांनी पुन्हा टोचलं आणि मुलगा सावरला. पुढे तेरा वर्षं जगला. आता मला सांगा, देव कुठे होता? हात टेकण्यात, की त्या बारा दिवसांच्या खटपटीत? मला तरी तो खटपटीतच दिसतो.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही परदेशातलं सांगता, आपल्या संतांनी तर समाधान शिकवलंय. हा मुद्दा निघाला की तुकोबांचं नाव हमखास घेतलं जातं. पण समाधान सांगणारा हा माणूस होता कोण? १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेला, दुकानदारी बुडालेला. तो काही खाटल्यावर पडून राहिला नाही. त्याने देवाशी वाद घातला, लोकांना खडसावलं आणि हजारो अभंग लिहिले. त्यांचं समाधान हे सगळं सोसून, झटून आलेलं आहे. आपण मात्र त्यातली एखादी ओळ उचलायची आणि दुसऱ्याच्या दुःखावर पांघरूण म्हणून टाकायची!

आणि वारी? आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वारकरी पावसापाण्यात, पायाला फोड येईतो चालत जातो. 'विठ्ठलाला वाटलं तर नेईल उचलून' म्हणून कुणी वारकरी ओट्यावर बसलेला मी पाहिला नाही. चालणं हीच त्याची भक्ती. आणि पोचला म्हणून संपलं असंही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा चालायचंच.

साने गुरुजींचं उदाहरण तर मास्तर लोकांनी विसरूच नये. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांना बंद होतं. 'देवाच्या मनात येईल तेव्हा उघडेल दार' असं म्हणणारे तेव्हाही खूप होते. गुरुजी इतके भाविक, पण त्यांनी असं म्हटलं नाही. ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर हिंडले, लोकांना विनवलं आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. शेवटी दार उघडलं. देवावर विश्वास होता म्हणूनच ते बसून राहिले नाहीत.

आता उलट बाजूचेही माझे काही मित्र आहेत. ते विचारतात, "सुई तुम्हीच टोचायची, डॉक्टर तुम्हीच गाठायचा, मग देव करतो काय?" प्रश्न रास्त आहे. त्यांनी त्या घरात आठवडाभर राहून बघावं. तीच भाकरी, तेवढंच इन्सुलिन, तरी एका सकाळी साखर ६५ आणि दुसऱ्या सकाळी २८०. सगळं नियमाने करूनही फळ हातात नाही. मन मोडतं ते इथे. केलेलं वाया गेलं असं वाटत असताना दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा तीच सुई भरायची, ही ताकद कुठून येते? ती आई म्हणते, देवाकडून. मी तिला पाच वर्षं बघते आहे, तिच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. ती देवाकडे सुई चुकवून मागत नाही, उद्या टोचण्याचं बळ मागते. माझ्या मते देवावर सोपवणं म्हणतात ते याला. काम आपल्याकडे, काळजी त्याच्याकडे. काम त्याच्यावर ढकलून काळजी करत बसणं याला काही दुसरा शब्द शोधा.

आणि खरं सांगू? 'देवावर सोपवा' हे पुष्कळदा आपण आपली सुटका करून घेण्यासाठी म्हणतो. समोरच्याचं दुःख संपत नाही, ऐकून आपल्याला कंटाळा येतो, मग देवाचं नाव घेऊन विषय मिटवायचा. 'श्रद्धा कमी पडली' म्हणणं तर याहून वाईट. आधीच ओझ्याने वाकलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक धोंडा! आणि पूर्वजन्मीचं पाप काढणाऱ्यांना एवढंच विचारते, तुम्हाला ते दिसलं कुठून? आपला मागचा जन्म आठवत नाही, दुसऱ्याचा बरा आठवतो!

माझा नवसाला, उपासाला, पारायणाला विरोध नाही. मी स्वतः एकादशी करते. फक्त त्या मुलाला उपास घडवू नका, आणि सुईच्या जागी अंगारा देऊ नका. सुई देऊन झाल्यावर अंगारा खुशाल लावा.

तुम्हाला त्याच्यासाठी खरंच काही करायचं असेल तर सांगते. पुढच्या लग्नकार्यात पंगत उशिरा बसणार असेल तर त्याच्या आईला आधी कळवा. त्याचं इन्सुलिन ठेवायला फ्रिजमध्ये जागा द्या, मात्र बर्फाच्या कप्प्यात नको. त्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले तर लगेच साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि भेटल्यावर 'अजून सुया चालूच का रे?' असं विचारू नका. क्रिकेटचा स्कोअर विचारा, त्यातलं त्याला पुष्कळ कळतं.

एवढं केलंत तर ती देवाचीच सेवा झाली असं मी समजेन. राग आला असेल तर फोन करा, मी दुपारी चारनंतर जागी असते.