फ्रेम तुटली, फेकायची काय?

दिवाळीच्या सुट्टीत बाळापूरला गेलो तर आजोबांचा फोटो खाली पडलेला. काच शाबूत, पण फ्रेमचा कोपरा निखळलेला. नदीकाठच्या मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपाशी काढलेला, त्यांचा तेवढा एकच फोटो. आजी म्हणाली, "इंजिनिअर व्हाले गेला नं तू? मंग जोड."

झालं! फेविकॉल लावला, सकाळी कोपरा पुन्हा हातात. दुकानदार म्हणे, "सिंथेटिक हाय भाऊ, जुडत नाही. नवीन घेऊन घे."

मित्रांनो, फेविकॉल पकडतो कारण त्यातलं पाणी लाकूड पिऊन घेतं. ही फ्रेम पॉलिस्टायरिनची, थर्मोकोलची सख्खी बहीण, ती पाणी पीत नाही. मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा थेंब टाकला, जागा चिकट झाली. ओळख पटली! मग काच-फोटो काढला, खिडक्या उघडल्या, देवाजवळचा दिवा विझवला (आजी रागावली). अ‍ॅसिटोनमध्ये थर्मोकोल मऊ करून तो चिकटा दोन्ही कडांना लावला, कोपरा गुण्यात धरून सुतळीनं आवळला आणि दिवसभर हात लावला नाही. कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, अ‍ॅसिटोन उडून जातो. एक थेंब पुढे सांडला, तिथला सोनेरी रंग गेलाच.

थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेटमधला फरक आपण पेपरात घडाघडा लिहितो. हातातली वस्तू यातली कोणती, हे कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, वर्कशॉपमध्ये फायलिंगच्या जॉबसोबत प्रत्येकाला घरची एक मोडकी वस्तू आणायला सांगा.

सांध्याची रेघ दिसते. फोटो भिंतीवर आहे. आजीनं आता बंद पडलेला मिक्सर काढून ठेवलाय.