रोजची मजल

आषाढ लागला की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याचे डोळे पंढरीच्या वाटेकडे लागतात. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी अकलूजला येते आणि तेथून माळीनगरमार्गे, श्रीपूरच्या परिसरातून, बोरगावकडे जाते. टाळमृदंगांचा घोष कानी पडताच मुले रस्त्याच्या कडेला गर्दी करतात. कोणी वारकऱ्यांना पाणी देतो, कोणी केळी वाटतो, कोणी नुसताच त्या चालणाऱ्या पावलांकडे पाहत राहतो.

त्या पावलांकडे पाहण्यासारखे पुष्कळ असते. देहूपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. सत्तरी ओलांडलेली एखादी आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन हे सारे अंतर पायी तोडते. तिच्या अंगात एवढे बळ कोठून येते, असे पाहणाऱ्या मुलाला वाटणे साहजिक आहे. श्रद्धेचे बळ तर असतेच. परंतु त्याखेरीज आणखी एक गोष्ट असते. ती आजी कोणत्याही एका दिवशी अडीचशे किलोमीटर चालत नाही. ती फक्त त्या दिवसाची मजल चालते. रात्री मुक्कामाला विसावा घेते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाऊल उचलते. शिवाय वर्षभर शेतात राबलेले तिचे पाय चालण्याला सरावलेले असतात. वर्षभर बैठे काम करणारा एखादा धट्टाकट्टा तरुण मात्र तिच्याच दिंडीत दुसऱ्या मुक्कामाला पायांचे फोड मोजीत बसतो. वारी अठरा-एकोणीस दिवसांची खरी, पण तिची तयारी उरलेल्या वर्षात झालेली असते.

आरोग्याचेही असेच आहे. ते एका दिवसाच्या उत्साहाने मिळत नाही. रोजच्या थोड्या थोड्या सवयीने साठत जाते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पैशाइतकीच शरीरालाही लागू पडते.

पुष्कळ मुले नेमकी येथेच चुकतात. गुढीपाडव्याला किंवा नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एखादा मुलगा मोठा निश्चय करतो. पहिल्या दिवशी तो पन्नास सूर्यनमस्कार घालतो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकू लागते, तिसऱ्या दिवशी उठवत नाही आणि आठवड्याच्या आत निश्चय विसरला जातो. त्यापेक्षा रोज बाराच नमस्कार घालणारा, परंतु एकही दिवस न चुकवणारा मुलगा वर्षाच्या शेवटी कितीतरी पुढे गेलेला दिसेल. स्नायू, हाडे, हृदय आणि फुप्फुसे ही हळूहळूच बळकट होतात. त्यांना घाई सोसत नाही आणि आळसही सोसत नाही.

श्रीपूरच्या मुलांना ही गोष्ट त्यांच्या गावातील कारखान्यावरून चांगली समजेल. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिचा साखर कारखाना श्रीपूर येथे उभा राहिला. कारखान्यामुळे या माळरानाला गावाचे रूप आले. आज येथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि गाळप सुरू होते. मग काही महिने चिमणीचा धूर रात्रंदिवस थांबत नाही. हंगाम संपला की यंत्रे उघडली जातात. झिजलेले भाग बदलले जातात, तेलपाणी होते आणि पुढल्या हंगामासाठी कारखाना सज्ज होतो.

मनुष्याच्या शरीराला असा बंद हंगाम नसतो. हृदय जन्मापासून अखेरपर्यंत क्षणभरही सुट्टी घेत नाही. म्हणून शरीराची दुरुस्ती रोजच्या रोज व्हावी लागते, आणि तिची मुख्य वेळ म्हणजे रात्रीची झोप. झोपेत थकलेले स्नायू पूर्ववत होतात, दिवसा शिकलेले मनात पक्के बसते आणि वाढीला लागणारी द्रव्ये शरीरात स्रवतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेराव्या वर्षापासून पुढे आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. जो मुलगा रात्री अकरापर्यंत मोबाइलच्या पडद्यासमोर बसतो, तो आपल्या यंत्राची दुरुस्ती रोज अर्धवट सोडतो. मग वर्गात जांभया आल्या तर दोष गणिताचा नव्हे!

आता कोणी विचारील की, पूर्वीच्या लोकांनी आरोग्याचे असे नियम कोठे पाळले होते? नियम पाळण्याची त्यांना तितकी गरजच नव्हती. आजोबा बाजाराला पायी जात. आजी पहाटे जात्यावर ज्वारी दळी आणि विहिरीवरून पाणी आणी. व्यायाम न मागता घरी चालून येई. आज दळण गिरणीत जाते, पाणी नळाने येते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जावयाचे झाले तरी मोटारसायकल सुरू होते. हे बदल चांगलेच आहेत. आजीने पुन्हा जाते ओढावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जे श्रम पूर्वी आपोआप घडत, ते आता जाणूनबुजून करावे लागतील, एवढे मात्र खरे.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शाळकरी मुलांनी दररोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल करावी. हा तास सलगच हवा असे नाही. शाळा जवळ असेल तर झपझप चालत जावे. संध्याकाळी खो-खो, कबड्डी, लंगडी खेळावी, दोरीवर उड्या माराव्या. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतूनही सूर्यनमस्कार सुरू केले. माळशिरसच्या दक्षिणेकडील आटपाडी त्याच संस्थानात होती. नमस्काराला जागा लागते ती सतरंजीच्या एका पट्टीएवढी. राजवाड्यात आणि झोपडीत ती सारखीच सापडते, म्हणूनच त्यांनी हा व्यायाम निवडला असेल तर नवल नाही.

खाण्यापिण्याचा विचार श्रीपूरमध्ये थोडा अवघड होतो, कारण साखर हे या गावाचे अन्नच आहे. उसावर शेतकऱ्याचा प्रपंच चालतो, कामगाराची चूल पेटते. अशा गावात ‘साखर कमी खा’ म्हणणे कित्येकांना कृतघ्नपणाचे वाटेल. परंतु गोड खाण्याला मर्यादा असावी, असे म्हणण्याने उसाचा अपमान होत नाही. एका चमच्यात सुमारे चार ग्रॅम साखर मावते. बाटलीतील थंड पेयाच्या एका मोठ्या पेल्यात असे सहा चमचे सहज विरघळलेले असतात, आणि पिणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. मोठ्या माणसानेही दिवसभरात याहून अधिक साखर न घेतलेली बरी, असा जाणकारांचा सल्ला आहे. सणाला पुरणपोळी जरूर खावी. रोजची तहान मात्र पाण्याने भागवावी. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि सोलापूरची शेंगदाण्याची चटणी हे साधे जेवण शरीर घडवण्यास पुरेसे समर्थ आहे. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे आणि रात्री निजताना दात घासणे या दोन सवयींना चार मिनिटेही लागत नाहीत. पण त्या पोटाच्या व दातांच्या कितीतरी दुखण्यांना उंबऱ्याबाहेर ठेवतात.

पुण्याला महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था आहे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली ती स्थापन केली. या मंडळाचे शारीरिक शिक्षण देणारे महाविद्यालय आज चंद्रशेखर आगाशे यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या नावाने श्रीपुरात साखर पिकवली, तेच नाव पुण्यात व्यायामशिक्षक घडवते. साखर आणि व्यायाम यांचे हाडवैर नाही, हे यावरून ध्यानात यावे. वैर आहे ते अतिरेकाशी आणि आळसाशी.

मात्र आरोग्याचा उपदेश सर्वांना एकाच मापाने करता येत नाही. गाळपाच्या हंगामात दूरदूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि पालांत राहतात. त्यांची मुले आईवडिलांबरोबर पहाटेच्या थंडीत उठतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढे गोळा करतात. अशा मुलाला ‘रोज व्यायाम कर’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. त्याला हवी आहे पुरेशी झोप, पोटभर अन्न आणि शाळेतील जागा. तो वर्गात आला तर त्याला आपल्या खेळात घेणे आणि आपल्या शेजारी बसवून जेवणे, हे गावातील मुलांचे काम आहे.

दुसरी गोष्ट मुलींची. बारा-तेरा वर्षांची झाली की कित्येक घरांत मुलीचे मैदान सुटते. ‘घरकाम हाच तुझा व्यायाम’, असे तिला सांगितले जाते. भांडी घासणे व केर काढणे हे कष्ट आहेत यात शंका नाही, आणि ते भावानेही वाटून घेतले पाहिजेत. परंतु मोकळ्या हवेत धावण्याची, उड्या मारण्याची बरोबरी ते करू शकत नाहीत. याच वयात हाडे सर्वांत झपाट्याने मजबूत होत असतात. माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. धावपट्टीवरील शर्यतीत भारतीय स्त्रीने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठण्याची ही बत्तीस वर्षांनंतरची पहिलीच वेळ होती. दुष्काळी माणच्या मातीत जे घडले ते इतरत्रही घडू शकते. फक्त मैदानाचे दार उघडे हवे.

खेळात वेळ घालवला तर अभ्यास मागे पडेल, अशी भीती पालकांना वाटते. ती प्रेमापोटी असते, तरीही बरोबर नाही. दिवसाच्या चोवीस तासांतील एक तास मैदानाला दिला तर उरलेले तास अधिक ताजे होतात. थकलेल्या, पेंगुळलेल्या डोक्याने तीन तास वाचण्यापेक्षा प्रसन्न मनाने दोन तास वाचणे केव्हाही श्रेयस्कर. प्रत्येकाला पदक मिळणार नाही, आणि मिळावे असेही नाही. परंतु आपले काम आपल्या बळावर करता यावे, म्हातारपणीही आपल्या पायांनी चालता यावे, हे भाग्य पदकाहून कमी नाही.

पालखी पुढे निघून जाते. टाळांचा नाद मंदावतो आणि मुले घरोघरी परततात. तुळशीवृंदावन घेतलेली ती आजी मात्र संध्याकाळपर्यंत चालत राहते, कारण त्या दिवसाची मजल तिला पुरी करावयाची असते. घरी परतलेल्या मुलाने त्या रात्री वेळेवर अंथरूण धरले आणि सकाळी उठून बारा नमस्कार घातले, तर त्याचीही वाट सुरू झाली असे म्हणता येईल.