राहण्याजोगे शहर : पण कोणाला?

भाषांतरासाठी आमच्याकडे येणाऱ्या इंग्रजी कागदांत गेली काही वर्षे एक शब्द वारंवार येतो. एखादे शहर राहावयास कितपत योग्य आहे, हे सांगणारा तो शब्द. सरकारी मराठीने त्याला 'जीवन सुलभता' असा प्रतिशब्द दिला आहे. इंग्रजीत शहर नुसतेच सुलभ असू शकते. मराठीत मात्र 'सुलभ' म्हटले की चतुर्थी विभक्ती दाराशी येऊन उभी राहते आणि विचारते : कोणाला? हा प्रश्न भाषांतरकाराला टाळता येत नाही. ज्यांनी हा शब्द चलनात आणला त्यांनी तो टाळला, आणि त्यांचे सारे राजकारण त्या टाळण्यात सामावले आहे.

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१८ साली १११ शहरांची क्रमवारी जाहीर केली. पुणे पहिले आले. मार्च २०२१ मध्ये दुसरी क्रमवारी आली, तेव्हा दहा लाखांवरील शहरांत बंगळूर पहिले आणि पुणे दुसरे ठरले. शंभरांपैकी ३५ टक्के भार जीवनमानाला, १५ आर्थिक क्षमतेला, २० शाश्वततेला आणि ३० नागरिकांच्या अभिप्रायाला, असा हा हिशेब होता. तीनच वर्षांनी, २०२४ च्या मार्च महिन्यात, या पहिल्या क्रमांकाच्या शहरात कूपनलिका आटल्या आणि माणसे टँकरमागे धावू लागली. क्रमवारी रचणाऱ्यांनी या अपघाताबद्दल खुलासा केल्याचे आमच्या वाचनात नाही.

परंतु महानगरे बाजूला ठेवू. आमच्या वाचकांपैकी बहुसंख्य मध्यम शहरांत राहतात, म्हणून दक्षिण महाराष्ट्रातील चार शहरे समोर घ्यावीत : सोलापूर, कोल्हापूर, सांगली-मिरज-कुपवाड आणि इचलकरंजी. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख, कोल्हापूरची साडेपाच लाख, सांगली-मिरज-कुपवाडची पाच लाख आणि इचलकरंजीची २ लाख ८७ हजार होती. यांपैकी केवळ सोलापूर त्या सरकारी यादीत होते आणि २०१८ मध्ये ते पहिल्या पंचवीसांत आले. उरलेली तीन शहरे यादीतच नव्हती. पण दिवाणखान्यातली क्रमवारी वेगळीच असते व ती सर्वांना पाठ असते : कोल्हापूरचे पाणी आणि हवा उत्तम, सांगली शांत, सोलापूर म्हणजे ऊन आणि धूळ, आणि इचलकरंजी? तिथे कोणी 'राहावयास' जाते काय, तिथे धंदा करावा आणि राहावे कोल्हापुरात! निवृत्तीनंतर घर कोठे बांधावे या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे ठीक आहे. शहरांची परीक्षा म्हणून मात्र ते निरुपयोगी आहे.

कारण शहर नावाची एकसंध वस्तू अस्तित्वात नसते. एंगेल्सने १८४५ मध्ये मँचेस्टरचे वर्णन केले तेव्हा त्याने दाखवून दिले होते की, दुतर्फा दुकाने असलेल्या हमरस्त्यांवरून धनिक मंडळी वर्षानुवर्षे ये-जा करीत आणि त्या दुकानांच्या पाठीमागची कामगारवस्ती त्यांच्या दृष्टीसही पडत नसे. सरासरीचा आकडा हा तसाच एक हमरस्ता आहे.

सोलापूरचे पाणी पाहा. शहरापासून शंभरांहून अधिक किलोमीटरवर उजनीचे धरण आहे. ते भरलेले असतानाही सोलापूरकरांना वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड आणि उन्हाळ्यात कधी पाचव्या दिवशी पाणी मिळत आले. पाइपाने येणारे पाणी अपुरे म्हणून भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडण्याची पद्धत पडली आणि शहराला लागणाऱ्या पाण्याच्या कित्येक पट पाणी त्यासाठी धरणातून खर्ची पडू लागले. आता हे 'चार दिवसांआड' म्हणजे काय, ते दोन वस्त्यांत जाऊन विचारावे. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्यावरील बंगल्यात जमिनीखाली हौद असतो, गच्चीवर टाकी असते, विजेचा पंप असतो. तेथे चार दिवसांआडचे पाणी हे चोवीस तासांचे पाणी होते. पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागे, साखर पेठेत किंवा नीलमनगरात दहा बाय बाराच्या खोलीत बॅरल, घागरी आणि माणसे यांना एकच जागा वाटून घ्यावी लागते. त्यातही घरात विडीचे काम असेल तर तेंदूची पाने आदल्या रात्री भिजवावी लागतात. पान कोरडे राहिले तर ते कापताना फाटते, विडी बिघडते, आणि कारखान्यात ती 'छाट' म्हणून बाजूला पडते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, छाटीची मिळत नाही. म्हणजे नळाला पाणी न येण्याचा दंड विडी कामगार स्त्री आपल्या मजुरीतून भरते. कोणत्या निर्देशांकात हा रकाना आहे?

जानेवारी २०१६ मध्ये 'स्मार्ट सिटी'च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली, तेव्हा आतषबाजी झाली. त्या योजनेचे गमक असे होते की, निधीचा मोठा हिस्सा निवडलेल्या एका मध्यवर्ती भागावर खर्च करावयाचा. १९९२ साली हद्दवाढीने शहरात आलेल्या वस्त्या ड्रेनेजची वाट पाहात राहिल्या आणि मध्यभागी नव्याने फरशा बसल्या. मार्च २०२५ अखेर ती मोहीम संपली.

कोल्हापूरकडे वळू. तेथील सुखाचा पाया कोणा बिल्डराने घातलेला नाही. राधानगरीचे धरण, वसतिगृहे, तालमी, शाहूपुरीची बाजारपेठ हे शाहू महाराजांच्या काळातील सार्वजनिक धोरणाचे फळ आहे. त्याच ठेवीवर आजचे जमिनीचे भाव उभे आहेत. पण सुमारे ६७ चौरस किलोमीटरच्या हद्दीत अडकलेले हे शहर नदीकाठाच्या पूररेषेत बांधकामे चढवीत गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा शिरली, तेव्हा ती सुतारवाड्यात शिरली तशीच नागाळा पार्कातही शिरली. पुराला वर्ग नसतो असे तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले. पूर येतो तेव्हा नसेल, पण तो ओसरतो तेव्हा असतो. विमा उतरलेली मोटार आणि भिजलेले शिवणयंत्र यांची भरपाई एकाच तारखेला होत नाही. सांगलीत त्याच २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. तेथील शामरावनगरात साधा मोठा पाऊस झाला तरी पाणी तुंबते. स्वस्त प्लॉट म्हणून ती सखल जमीन ज्यांना विकली गेली, ते नोकरदार आणि कष्टकरी होते. विश्रामबाग उंचावर आहे. 'शांत सांगली' असे म्हणणारा सहसा विश्रामबागेतून बोलत असतो.

इचलकरंजीबद्दल थोडक्यात, कारण ती कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. यंत्रमागाचा खडखडाट आणि माणसाची झोप एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदतात. मजुरीवर माग चालविणारे खर्चीवाले मालक स्वतःच व्यापाऱ्याच्या कर्जात असतात आणि परप्रांतातून आलेला कामगार त्यांच्याही खाली. २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे येथे काविळीची साथ पसरली, हजारो आजारी पडले, काही दगावले. पंचगंगा दूषित झाल्यामुळे शहर वारणेकडे, मग दूधगंगेकडे पाण्यासाठी हात पसरत गेले आणि सुळकूड योजनेला नदीकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. नदी नासवणारा सांडपाण्याचा धनी या भांडणात कोठेच दिसला नाही. भांडत राहिले कामगार आणि शेतकरी.

या साऱ्या काळात नागरिकांना विचारले जात होते की, तुम्हांला शहर कसे वाटते? अभिप्रायाला तीस टक्के भार होताच. मताला मात्र शून्य. कोल्हापूर महापालिका नोव्हेंबर २०२० मध्ये आणि सोलापूरची मार्च २०२२ मध्ये प्रशासकाच्या हाती गेली व पुढे कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली तीही प्रशासकाच्याच राजवटीत. ज्या नगरसेवकाच्या दाराशी बायका रिकामी घागर घेऊन उभ्या राहात, तो नगरसेवकच उरला नाही.

आता आमच्याच काही मित्रांच्या आक्षेपाकडे येतो. ते म्हणतात, वस्ती, नळ, गटार हे सुधारणावादी प्रश्न आहेत. घरांचा प्रश्न भांडवलशाहीत सुटत नाही, हे एंगेल्सने १८७२ मध्येच सांगितले आहे, मग हा खटाटोप कशाला? एंगेल्सचे म्हणणे त्यांनी अर्धेच वाचले आहे. भांडवलदार वर्ग हा प्रश्न सोडवीत नाही, एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतो, हे त्याने दाखविले. कामगारांनी घरासाठी लढू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया तो निष्कर्ष काढून स्वस्थ बसल्या असत्या तर कुंभारीच्या माळावर काही उभे राहिले नसते. कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत त्यांच्या ताब्यात आली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर मंजूर झाले आणि त्यांतील पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. श्रेय घेण्यासाठी व्यासपीठावर कोण बसले होते, ते सर्वांनी पाहिले आहे.

या वसाहतीतही एंगेल्सची दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवण्यात आपले हित नाही. घर मिळाले ते शहराबाहेर, कारण शहरातील जमीन कामगाराला परवडू दिली जात नाही. कामाच्या ठिकाणापासून, इस्पितळापासून, मुलांच्या कॉलेजापासून अंतर वाढले. बसचा पास हा घरभाड्याचा नवा अवतार झाला. तेव्हा घरानंतर बस, दवाखाना आणि पाणी यांचा लढा ओघानेच आला. तोही सुधारणावादी म्हणून सोडून द्यावयाचा काय? आमच्या मित्रांनी हे कुंभारीला जाऊन तेथील स्त्रियांना समजावून सांगावे. येताना बसने यावे.

आणि क्रमवारीवाल्यांसाठी एक माहिती. कुंभारी हे महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव आहे. सोलापुरातील कष्टकऱ्यांनी स्वतःच्या बळावर मिळविलेली ती हजारो घरे सोलापूरच्या जीवन सुलभतेत धरलीच जात नाहीत.