ओठ हलले म्हणून

उत्तरपत्रिका : साप्ताहिक स्तंभ

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. वय ५२. गावातल्या मंडळीत रविवारचा उपदेश बहुतेक तोच करतो, कारण पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत आणि या गावाची पाळी महिन्यातून एकदा येते. गेली तीन वर्षं तो थिऑलॉजीची पदविका ऑनलाइन करतो आहे. मार्चमध्ये, गाळप संपता संपता, त्याचा जुन्या कराराचा पेपर झाला. लॅपटॉप भाच्याचा. जागा चर्चमागची खोली, जिथे पेटी आणि नाताळचा मोठा तारा ठेवतात ती. दोन दिवसांनी संस्थेचा मेल आला की पेपर संशयास्पद म्हणून बाजूला ठेवला आहे. कारण एका ओळीत दिलं होतं : परीक्षेदरम्यान ओठांची सतत हालचाल.

ओठ हलणारच. त्याची आई रोज संध्याकाळी ओळीखाली बोट धरून पुटपुटत शास्त्र वाचायची आणि हा तिच्या शेजारी बसून वाचायला शिकला. प्रश्नपत्रिकाही तो तशीच वाचतो. गंमत अशी की पहिल्याच स्तोत्रात नियमशास्त्राचं रात्रंदिवस ‘मनन’ करणारा जो धन्य पुरुष आहे, त्याच्या त्या मननामागचं हिब्रू क्रियापद मुळात पुटपुटण्याचं आहे. यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्याला वापरलं आहे. म्हणजे जुन्या कराराच्या पेपरात जुन्या कराराच्याच रीतीने वाचलं म्हणून माणूस पकडला गेला. कॅमेऱ्यामागच्या प्रणालीला हिब्रू येत नसावं. ते ठीक आहे. संस्थेला येत असेल अशी माझी समजूत होती.

या स्तंभात एरवी बोर्डाच्या, विद्यापीठांच्या परीक्षा येतात. निवृत्तीनंतर मी अशा दोन-तीन दूरशिक्षण अभ्यासक्रमांत तोंडी परीक्षा घ्यायला जातो, म्हणजे हल्ली घरी बसूनच घेतो, म्हणून या आठवड्यात सेमिनरीकडे वळलो.

धर्मसेवेचं शिक्षण घेतलेल्या माणसाला काय आलं हे मोजायचं कसं, हा प्रश्न इंटरनेटपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर बराच काळ सेरामपूरने दिलं (अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं). १८१८ साली विल्यम कॅरी आणि त्याच्या सोबत्यांनी काढलेल्या या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. आज देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या याच सेरामपूरच्या सेनेटच्या पदव्या देतात. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरीही त्यातली, जी १९८३ मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आली. लेखी परीक्षेचं वळण या शिक्षणाला जुनंच आहे. पण वसतिगृहाच्या सेमिनरीत लेखी पेपराच्या जोडीला दुसरीही एक परीक्षा चालू असायची आणि तिची गुणपत्रिका कुणी छापत नसे. मेसमध्ये कोण ताट उचलतं, आजारी खोलीसोबत्यासाठी कोण जागतं, प्राचार्यांसमोर कोण फार मोठ्याने प्रार्थना करतं, हे सगळ्यांना दिसायचं. शिफारसपत्र त्या दिसण्यावर लिहिलं जाई.

ऑनलाइन आल्यावर ही नजर गेली आणि तिची भरपाई म्हणून संस्थांनी विद्यार्थ्याच्या बुबुळांवर कॅमेरा रोखला. माझी तक्रार इथे आहे. दूर गेली ती सेमिनरी. विद्यार्थी तर आपल्या मंडळीत, आपल्या माणसांत, जिथे पुढे काम करायचं तिथेच बसलेला आहे. दीडशे माणसं त्याला दर रविवारी पाहतात, मयताला पाहतात, लग्नाच्या भांडणात पाहतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

विद्यार्थ्याला त्याच्या मंडळीतच शिकवावं, ही अक्कल नवी नाही. ग्वातेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला १९६०च्या सुमारास कळून चुकलं होतं की राजधानीत शिकलेले पदवीधर खेड्यात परतत नाहीत आणि खेड्यातल्या मंडळ्या ज्यांच्या जिवावर चालतात ते शेतकरी-दुकानदार घरदार सोडून शिकायला येऊ शकत नाहीत. १९६३ मध्ये राल्फ विंटर, जेम्स एमरी या मंडळींनी सेमिनरीच लोकांच्या दारी नेली. पुढे रॉस किन्सलरही त्यांना मिळाले. विद्यार्थ्याने घरी पुस्तक अभ्यासायचं, आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षकासोबत बसायचं, बाकीचे दिवस मंडळीत काम. हीच पद्धत १९७१ मध्ये बंगळुरूच्या ‘टाफ्टी’ या संस्थेमार्फत भारतात आली. अमेरिकेतल्या टेड वॉर्ड नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने तिला कुंपणाची उपमा दिली होती. दोन आडव्या वाशांपैकी एक अभ्यासाचा, दुसरा प्रत्यक्ष कामाचा, आणि ठरावीक अंतरावर रोवलेले खांब म्हणजे एकत्र बसून केलेली चर्चा, जी या दोन वाशांना एकमेकांशी बांधते. आज मला दिसणाऱ्या बऱ्याच ऑनलाइन अभ्यासक्रमांत अभ्यासाचा वासा व्हिडिओंनी चांगला जाडजूड झाला आहे. खांब काढून टाकलेत आणि दुसरा वासा विद्यार्थ्याने स्वतःच कुठेतरी टेकवून ठेवलेला असतो. त्या कुंपणाच्या राखणीला मग कॅमेरा.

यावर काही संस्थांनी उपाय म्हणून जे काढलं आहे ते मला कॅमेऱ्याहून जास्त खटकतं. विद्यार्थ्याने दर आठवड्याला ‘आध्यात्मिक रोजनिशी’ अपलोड करायची. देवाने या आठवड्यात मला काय शिकवलं, दीडशे शब्द, दहा गुण. एका बॅचच्या अशा चाळीसेक रोजनिश्या मी तपासल्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं की थोडं अपयश कबूल करून शेवटी शांती मिळाली असं लिहिलं की आठ मिळतात. मीही आठ देत होतो. शांती मिळाली नाही असं एकाच मुलीने लिहिलं. तिला किती द्यावे हे मला कळेना, म्हणून तिलाही आठ दिले, आणि त्या रात्री मला माझीच लाज वाटली.

कॅथलिकांनी ही मेख फार पूर्वी ओळखली. त्यांच्या १९८३ च्या कॅनन लॉमध्ये कलम २४० आहे. सेमिनरीतल्या तरुणाला दीक्षा द्यायची की त्याला घरी पाठवायचं हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं आणि कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूचं मत कधीही विचारायचं नाही. ज्याला आतलं माहीत आहे त्याने निकालाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कारण उघड आहे. आतलं सांगितल्यावर गुण कापले जाणार असतील तर माणूस आतलं सांगणं बंद करतो. शिक्षणशास्त्राच्या बाजूनेही हीच अडचण आली होती. बेंजामिन ब्लूमची ज्ञानाच्या पायऱ्यांची मांडणी १९५६ ची. बी.एड. केलेल्या प्रत्येकाने ती घोकलेली असते. भावना आणि मूल्यांवरचा दुसरा भाग १९६४ मध्ये आला, त्यात क्रॅथवोल आणि मासिया हे त्याचे सहलेखक होते. शिक्षक अभ्यासक्रमाच्या आरंभी मूल्यांची उद्दिष्टं हौसेने लिहितात आणि परीक्षेत ती गुपचूप गळून पडतात, हे त्यांनीच नोंदवलं आहे, आणि माणसाच्या श्रद्धा ही त्याची खासगी बाब मानली जाते हे त्यामागचं एक कारण सांगितलं आहे. श्रद्धेला गुण देऊ नयेत या मताचा मी आहे. पण श्रद्धा सोडली तर उरतं ते फक्त एमसीक्यू, असं थोडंच आहे!

मधे उरते ती कामाची जागा. १९२५ मध्ये अँटन बॉयसन या धर्मसेवकाने मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथल्या मनोरुग्णालयात थिऑलॉजीचे विद्यार्थी नेले आणि पुस्तकांसारखंच माणसांनाही वाचायला शिका म्हणाला. बॉयसन स्वतः त्याआधी मनोरुग्ण म्हणून उपचार घेऊन आलेला होता. त्या चळवळीतून पुढे ‘व्हर्बेटिम’ नावाचा प्रकार रूढ झाला. रुग्णाला भेटून आल्यावर तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, हे आठवेल तसं शब्दशः लिहून काढायचं (नाव-गाव, खाट क्रमांक वगळून) आणि गटात वाचायचं. हे व्हिडिओ कॉलवर उत्तम जमतं. एका तरुणाने सिव्हिल हॉस्पिटलमधल्या भेटीचं असं लिहून आणलं होतं :

आजी : देव मला विसरला रे.
मी : नाही आजी, देव कुणाला विसरत नसतो.
आजी : हं.
मी : आपण प्रार्थना करू या का?
आजी : कर बाबा.

खाली त्याचा शेरा : भेट चांगली झाली, आजींना धीर आला. कॉलवर आम्ही सहाजण होतो. नंदुरबारकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “दादा, ते ‘हं’ कसं होतं?” तो गप्प. मग म्हणाला, “भिंतीकडे तोंड केलं त्यांनी.” हे त्याने लिहिलं नव्हतं. त्याला आठवत होतं, पण लिहिलं नव्हतं. पुढच्या महिन्याच्या व्हर्बेटिममध्ये त्याची स्वतःची वाक्यं दोनच होती आणि एका ठिकाणी कंसात ‘(बराच वेळ कुणी बोललं नाही)’ असं होतं. या दोन कागदांमधलं अंतर मोजता येतं. त्याला मी बिनदिक्कत गुण दिले.

तुम्ही म्हणाल, असा संवाद चॅटजीपीटी दोन मिनिटांत पाडून देईल. देईल की. ९ जून २०२३ ला जर्मनीतल्या फ्यूर्थच्या सेंट पॉल चर्चमध्ये तीनशेहून अधिक लोकांनी चॅटजीपीटीने लिहिलेली जवळजवळ अख्खी उपासना ऐकली, पडद्यावरच्या बाहुल्यांच्या तोंडून. उपदेशाचा लेखी मसुदा तपासून आता परीक्षकाला काही कळणार नाही. पण ‘हं’ कसं होतं याचं उत्तर समोरासमोर द्यावं लागतं, आणि तिथे गेला नसाल तर तिसऱ्या प्रश्नाला अडखळता.

आता मंडळीकडून अहवाल मागवायचा म्हटलं तरी जपून. आपल्याकडे तो छापील फॉर्म असतो. नम्रता, वक्तशीरपणा, नेतृत्व, पाचपैकी गुण. आमच्या मंडळीतल्या एका मुलाचा असा फॉर्म मी भरला. त्याची आई दुपारी करंज्यांचा डबा ठेवून गेली होती. सगळीकडे पाच. मुलगा चांगलाच होता, पण खजिनदाराचा पुतण्या असता तरी मी पाचच दिले असते आणि खजिनदाराशी भांडणाऱ्याचा पुतण्या असता तर बहुधा नसते. मंडळीतही गट असतात, भाऊबंदकी असते, जातीचे जुने हिशेब असतात. बाई उपदेश करते म्हणून उपासनेला न येणारे मंडळीचे वडीलही असतात. एकट्या त्यांच्याच हातात लाल पेन देणं धोक्याचंच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या नॉर्थवेस्ट बॅप्टिस्ट सेमिनरीने आपल्या ‘इमर्स’ अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन मार्गदर्शक दिले. एक प्राध्यापक, एक प्रत्यक्ष सेवेतला आणि एक त्यांच्या मंडळ्यांच्या संघाकडचा. तिघांनी मिळून ठरवायचं की याला हे काम जमतं का. तिघांत एकाची मर्जी चालत नाही. आपल्याला एवढी माणसं परवडणार नाहीत हे मला मान्य आहे. निदान फॉर्म तरी बदलावा. नम्रतेला गुण मागण्याऐवजी विचारावं : या महिन्यात तो कुणाच्या घरी गेला? किती वेळ बसला? ‘मला माहीत नाही’ असं शेवटचं कधी म्हणाला? करंज्या खाऊनही या प्रश्नांची खोटी उत्तरं लिहिणं जड जातं.

वजनकाट्यावरच्या माणसाने संस्थेला दोन अर्ज केले. शेवटी तोंडी परीक्षा देण्याची मुभा मिळाली. परीक्षक दुसरे होते. तो त्या दिवशी सकाळी एका मयताहून आला होता. फोनवर त्याने मला सगळं सांगितलं. प्रश्न होता, ईयोबाच्या मित्रांचं काय चुकलं?

“मी म्हणालो, सर, पहिले सात दिवस ते त्याच्यापाशी जमिनीवर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर बरोबर होतं. मग बोलायला लागले.”

“बरं. मग?”

“त्यांनी विचारलं, हे कोणत्या टीकाकाराचं मत? मी म्हणालो, टीकाकाराचं माहीत नाही सर, मयताच्या घरी बसून बसून वाटलं.”

दहापैकी सहा. संदर्भग्रंथाचं नाव न सांगितल्याचे चार कापले. लेखी पेपर अजून बाजूलाच आहे.

— परीक्षक