आधी भाड्याची खोली द्या

शुक्रवारी रात्री रिलीज होतं. सगळं नीट चाललंय याची खात्री करून निघेपर्यंत अडीच वाजले. कॅब फ्लायओव्हरखालून वळली तेव्हा खांबांच्या मधे ओळीने झोपलेली कुटुंबं दिसली. पोरं मधे, आया त्यांच्या बाजूला, पुरुष रस्त्याच्या कडेला. सोबतचा मित्र म्हणाला, "यांना सरकारने घरं दिली ना, तरी विकून परत इथेच येतील बघ." मी काही बोललो नाही, झोप येत होती. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, यांना घरं दिली कुणी? मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर हवं असेल तर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो. नंतर २०११ पर्यंतच्यांनाही घेतलं, पण पैसे भरून. ज्याचं बिऱ्हाडच अधूनमधून गाडीत भरून नेलं जातं, त्याने हा कागद ठेवायचा कुठे? उशाखाली?

मग आली प्रधानमंत्री आवास योजना. जून २०१५ मध्ये घोषणा, २०२२ पर्यंत सर्वांना घर. शहरी योजनेत सर्वात मोठा वाटा कुठल्या घरांचा? स्वतःच्या जागेवर बांधायच्या घरांचा. म्हणजे बेघराने आधी जागा घ्यावी, मग सरकार अनुदान देईल. रिक्वायरमेंट कुणी लिहिली होती, देव जाणे.

मुंबईचा स्टेटस रिपोर्ट तर वाचवत नाही. १९९५ साली ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं वचन होतं, म्हणजे साधारण ८ लाख घरं. तीस वर्षं झाली, निम्मीही झालेली नाहीत. होणार कशी? बिल्डरने घरं फुकट बांधायची आणि बदल्यात मिळालेल्या एफएसआयवर विक्रीचे टॉवर उभे करायचे, असा सगळा मामला. जिथे भाव तिथे पुनर्वसन. आणि जे झालं तेही कसं? गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये आला. इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा नाही, आणि त्याचा थेट संबंध क्षयरोगाशी. अशा घरातून कुणी बाहेर पडला तर आपण त्याला फुकट्या म्हणतो!

रात्रनिवाऱ्यांचंही तेच. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं, लाख लोकवस्तीमागे एक निवारा, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे. या आकड्याच्या जवळपासही मुंबई कधी पोचली नाही. त्याच जनगणनेत ५७ हजारांहून जास्त बेघर मोजले गेले, आणि रिकामी घरं सुमारे ४ लाख ८० हजार. हा फक्त तुटवडा नाही, वाटपातला बग आहे.

आता स्वतःकडे बघू. आपल्यातले किती जण स्वतःच्या घरात राहतात? नोकरी हिंजवडीला तर वाकडला, ऐरोलीला तर घणसोलीला. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, कंपनी बदलली की सामान टेम्पोत. फ्लायओव्हरखालचा माणूसही तेच करतोय, कामाजवळ राहतोय. फरक एवढाच की त्याला परवडेल अशी भाड्याची खोलीच शहरात नाही.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या सरकारला हे कळत होतं. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोल्या लहान, संडास सामायिक, पण भाड्याच्या. एमएमआरडीएनेही २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती, पण ती घरं पुढे वेगळ्याच कामांना गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. छान झालं, त्यांचा हक्कच होता. पण उद्या गावाहून येणाऱ्याने कुठे उतरायचं?

"भाडं वसूल कोण करणार? आमच्या टॅक्सच्या पैशांतून का?" हे येणारच. वसुली अवघड आहे, मान्य. निवडणूक आली की भाडं माफ होईल, हेही मान्य. पण जुन्या टॅक्स रेजिममध्ये एचआरएच्या पावत्या आपणच जोडतो ना? होम लोनच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट आपणच घेतो ना? तीही सरकारी मदतच. आपल्याला मिळाली की टॅक्स प्लॅनिंग, त्याला मिळाली की खैरात.

म्हणून सरकारकडे मागणी साधी आहे. लॉटऱ्या आणि चावीवाटप चालू दे, पण आधी निवारे पूर्ण करा, आणि सरकारी जमिनीवर कामाच्या जागेजवळ भाड्याच्या खोल्या बांधा. विकताच येणार नाहीत अशा.

मग माझ्या मित्राची काळजीही मिटेल. जे मालकीचं नाही, ते कोण विकणार?