पाहुणे येतात तेव्हा

परवा दुपारी भांडी आवरून जरा टेकले होते, तोच शेजारच्या वहिनी आल्या. चेहरा उतरलेला, पदराच्या टोकाशी चाळा चाललेला. "ताई, येत्या रविवारी मोठीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. दोन-तीन तास धाकटीले तुमच्याइथं ठेवू का?"

"ठेवा की," मी म्हणून गेले. विचारही केला नाही. आपण शेजारी काय काय ठेवतो? घराची किल्ली ठेवतो, उरलेले दूध ठेवतो, गावाला जाताना तुळशीची कुंडी ठेवतो. तशीच ही सोळा वर्षांची मुलगी. वहिनी गेल्यावर माझे मला कसेसेच झाले.

धाकटीला जन्मतःच सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूच्या ज्या भागाकडून हातापायांना हुकूम जातो, तिथे इजा झालेली. पायांवर ताबा नाही, बोलणे अडखळत येते, पण डोके लख्ख. दहावी झाली आहे. माझ्या शिकवणीला होती. मराठीचे निबंध ती तोंडी सांगे आणि धाकटा चुलतभाऊ लिहून घेई. असले निबंध मला वर्गात चालत्याफिरत्या मुलांकडून क्वचितच मिळाले.

त्याच संध्याकाळी तिने आईला एवढेच विचारले, "मंग लग्नाच्या पत्रिकेत माह्यं नाव टाकशीन का नाही?"

वहिनी माझ्याकडे येऊन रडल्या. त्यांना दोष तरी कसा द्यावा? दोन मुलींची आई. मोठीची दोन स्थळे 'घरात असं आहे का?' एवढ्या प्रश्नावर परत गेलेली. मैत्रिणींनो, आपणही स्थळ पाहायला जातो तेव्हा हाच प्रश्न हलक्या आवाजात विचारतो की नाही? मी विचारला आहे, माझ्या दिरासाठी. खोटे कशाला सांगू?

आमचे गिरड म्हणजे टेकडीवरच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्याचे गाव. हिंदू काय, मुसलमान काय, नवस बोलायला सगळेच येतात. टेकडीवर सुपारीसारखे, फळांसारखे दिसणारे दगड सापडतात. त्यांची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ. दोन फिरते व्यापारी फकिराची टिंगल करून गेले आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. मग त्यांनी पाय धरले, बाबांनी वाळल्या पानांतून नवा माल करून दिला आणि ते दोघे कायमचे इथेच राहिले. भूगर्भशास्त्रवाले म्हणतात ती खडकातली खनिजे आहेत. असतीलही. मला ही गोष्ट आवडते ती टिंगलीला तिच्यात शिक्षा आहे म्हणून.

आणि त्याच टेकडीच्या वाटेवर काय दिसते? कुठल्याही देवस्थानाला दिसते तेच. पाय नसलेला, बोटे झडलेला, डोळे गेलेला माणूस ताटली पुढे घेऊन बसलेला आणि आपण पर्समधले सुटे त्यात टाकून हलक्या मनाने पुढे. त्या ताटलीतले नाणे आणि 'पाहुणे येतात तेव्हा धाकटीला शेजारी ठेवू' हे दोन्ही एकाच घरातून आलेले आहेत, असे मला आता वाटू लागले आहे. दया येते ना, ती माणसाला नजरेआड ठेवूनही करता येते.

खरे तर आमच्या वर्धा जिल्ह्याइतके या बाबतीत शिकलेले दुसरे मुलूख कुठले असेल? सेवाग्रामला गेलात तर परचुरे शास्त्रींची कुटी बघा. संस्कृताचे मोठे पंडित, कुष्ठरोग झाला म्हणून समाजाने दूर लोटलेले. गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालीश करीत. त्याआधीच, १९३६ मध्ये, विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले होते. आणि आमच्या जामच्या चौरस्त्यावरून चंद्रपूरच्या वाटेला लागले की वरोरा येते. तिथले आनंदवन. बाबा आमटे हिंगणघाटचे, जन्म २६ डिसेंबर १९१४ चा. म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे लेकरू.

आनंदवनाची सुरुवात सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की ती आता बाबांच्या थोरवीची गोष्ट झाली. थोरवी आहेच, आणि साधनाताईंची तर त्याहून थोडी जास्तच. तान्ही मुले घेऊन विंचू-सापांच्या रानात संसार मांडणे काय असते ते बायकाच जाणोत. पण मला त्यात दुसरे दिसते. त्या खडकाळ जमिनीत विहीर खणली ती रुग्णांनी. भाजी पिकवली ती रुग्णांनी. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक ती भाजी घ्यायला तयार नव्हते! पुढे १९५४ च्या सुमाराला परदेशातले तरुण स्वयंसेवक आले, रुग्णांबरोबर राबले, त्यांच्या हातचे जेवले, तेव्हा गावकऱ्यांची भीड चेपली. आपल्याला शहाणपण आणून द्यायला गोऱ्या कातडीची पोरे लागली, हेही जाता जाता लिहून ठेवते.

आणि मग १९६४ मध्ये काय झाले? त्याच रुग्णांनी आपल्या झडल्या बोटांनी राबून वरोऱ्यात कॉलेज उभे करायला हात लावला. आनंद निकेतन. ज्या गावाने भाजी नाकारली त्या गावाच्या मुलांसाठी! दान घेणारा दान देणारा झाला. माझ्या लेखी अभिमान म्हणतात तो हा. पुढे तिथे अंधांची शाळा, कर्णबधिरांची शाळा, अपंगांना हाताचे काम शिकवणारे संधी निकेतन आले. २००२ मध्ये डॉ. विकास आमटे यांनी तिथल्याच लोकांचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद काढला. न दिसणारे गातात, न ऐकू येणारे नाचतात, आणि लोक त्यांचा कार्यक्रम ऐकायला जातात, पुण्य मिळवायला नव्हे.

स्टेजचा विषय निघाला म्हणून माझेच एक पाप सांगते. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत बसवायचे काम माझ्याकडे होते. धाकटीचे नाव यादीत होते. स्टेजला चार पायऱ्या. मी तिला काय म्हटले असेल? "तू खालीच बस गं, सगळ्यांत पुढे. टाळ्या तूच आधी वाजवायच्या." तिला खूश केल्याच्या आनंदात होते मी! चार मुलांनी खुर्ची उचलली असती किंवा सरळ सगळे गाणे स्टेजखाली बसवले असते तर काय आभाळ कोसळले असते? सुचलेच नाही. तिने टाळ्या वाजवल्या. आधी वाजवल्या.

'आमच्याविषयी जे ठरवाल ते आम्हाला विचारून ठरवा', हे म्हणणे आता जगभरच्या अपंगांचे आहे. अमेरिकेत एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत अपंग मंडळी तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसली आणि नियमांवर सही घेऊनच उठली. आपल्याकडे १९ डिसेंबर १९९५ ला दिल्लीत संसदेसमोर अपंगांनी निदर्शने केली. जावेद अबिदी स्वतः चाकाच्या खुर्चीतले, ते पुढे होते. तीन दिवसांत, २२ डिसेंबरला, पहिला अपंग कायदा संमत झाला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची गोष्ट तर प्रत्येक घरात माहीत असावी. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचे बळ गेले. जगावेसे वाटेना. तेव्हा त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून सगळा कारभार पाहणारे. आपल्यासारखा दुसरा माणूस ताठ मानेने जगताना दिसला आणि चक्र फिरले. १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मी धाकटीला नेऊन दिले आहे. खरे तर आधी वहिनींनी वाचायला हवे.

आता थोडे कायद्याचे, कारण ते आपल्याला कुणी नीट सांगत नाही. जुना कायदा जाऊन २०१६ चा आला. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, पूर्वी सातच होते. सेरेब्रल पाल्सी आहे, कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, सिकलसेलसुद्धा आहे, जो आपल्या विदर्भात घरोघर ठाऊक आहे. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त, त्यांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के. अपंग माणसाला स्वतःच्या नावाने मालमत्ता, बँकेचे खाते, सगळ्याचा हक्क आहे. 'तिला काय समजतंय' म्हणून वाटणीपत्रावर परस्पर अंगठा घ्यायचे दिवस गेले. आणि चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. आमच्या टेकडीवरच्या त्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला होता, इथे तुरुंग आहे! कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागता येत असे, ते कलमही २०१९ मध्ये निघाले. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेला जाल तेव्हा तो हिशेब जरूर विचारा. मी विचारणार आहे.

या सगळ्याची किल्ली म्हणजे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज संगणकावरून करायचा आणि मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आधार कार्ड, फोटो, जुने औषधपाण्याचे कागद सोबत ठेवा. एसटीच्या सवलतीपासून परीक्षेतल्या लेखनिकापर्यंत पुष्कळ ठिकाणी ते लागते. वहिनींनी धाकटीचे कार्ड काढलेच नव्हते. का, तर 'कागदावर आलं म्हंजे कायमचं लागलं'. मुलगी सोळा वर्षे समोर बसली आहे आणि आईला भीती कागदाची!

रविवारचे काय करायचे, हा प्रश्न होताच. मी वहिनींना आधी एक विचारले, "हा आजार मोठीच्या पोरांना होईल असं कुणी सांगितलं का?" त्यांना तसेच वाटत होते. सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा आनुवंशिक नसते. जन्माच्या आगेमागे मेंदूला प्राणवायू कमी पडणे, फार लवकर बाळंत होणे, बाळाची कावीळ डोक्यात चढणे, अशी तिची कारणे असतात. तरी मनात किंतू नको म्हणून दोघी मिळून तिच्या डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी तिचे कागद पाहून तेच सांगितले. मग वहिनींच्या यजमानांनी पाहुण्यांना फोन करून आधीच सगळे सांगितले. फोन ठेवताना भाऊजींचा हात थरथरत होता. पलीकडून "बरं, येतो आम्ही" एवढेच आले. त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात सगळ्या घराची रात्र गेली.

धाकटीचे म्हणणे वेगळेच. तिला पाहुण्यांसमोर नुसते बसायचे नव्हते. "पोहे मीच करीन," म्हणाली. आता आली पंचाईत. ओटा अडीच-तीन फूट उंच, तिची खुर्ची त्याच्याखाली शिरत नाही. मला माझी आजी आठवली. चूल जमिनीवर, आजी पाटावर बसून पंचवीस माणसांचा स्वयंपाक करी. विळी, पाटा-वरवंटा, सगळे बसल्या जागी. मग आपण हौसेने उभे ओटे बांधले आणि बसून काम करणारीला स्वयंपाकघरातून बाहेर काढले. कुणाच्या ध्यानातही आले नाही. शेवटी जुने लाकडी टेबल काढले. त्याच्याखाली खुर्ची बरोबर जाते. त्यावर शेगडी ठेवली, नळी नवी आणून नीट बसवली, तिखट-मीठ-हळदीचे डबे हाताच्या टप्प्यात खालच्या फळीवर आणले. दोनदा करून पाहिले. पहिल्यांदा पोहे भिजून गोळा झाले. तो दोष अपंगत्वाचा नव्हे, माझेही पहिले पोहे तसेच झाले होते.

घरात असे कुणी असेल, किंवा सासूबाईंचे गुडघे गेले असतील, तर एवढे पाहून ठेवा. खुर्ची जायची दारे तीन फुटांची असली म्हणजे बोटे खरचटत नाहीत. दिव्याची बटणे बसल्या हाताला लागतील अशी खाली घ्यावी. संडासात भिंतीला लोखंडी दांडी बसवावी, आणि ती नुसत्या खिळ्यांवर नको, अंगाचा सगळा भार तिच्यावर येतो. उंबरठ्याला उतरती फळी करायची तर हिशेब सोपा आहे: जितकी उंची, त्याच्या बारा पट लांबी. चार इंचांच्या उंबरठ्याला चार फूट फळी. आखूड केली तर चढ उभा होतो आणि खुर्ची मागे घसरते. उंबरठ्यावरची रांगोळी कुठे काढायची, असे मोठीने विचारले. फळीच्या दोन्ही बाजूंना काढ म्हटले.

काल सुतार फळी घेऊन आला. अडीच फुटांचीच आणली. "जागा कायले अडवायची ताई, एवढीनं भागते," म्हणाला. धाकटीने खुर्ची फळीवर घेतली, अर्ध्यावर थांबली आणि मागे घसरली. सुताराने धरली म्हणून बरे. मग तीच त्याला, एकेक शब्द जुळवीत, बाराचा हिशेब समजावून सांगू लागली. त्याने कानावरची पेन्सिल काढली, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि दोनदा विचारून मापे लिहून घेतली. नवी फळी शनिवारी संध्याकाळी देतो म्हणाला आहे.