माझी ‘क्राफ्ट’, तिची ‘गावठी’

जालन्यातल्या आमच्या घरी कपाटात सध्या एक काचेची बरणी आहे. दुकानातून आणलेली ७५० मिली व्होडका, त्यात दोन चमचे शहाजिरे, एक चमचा बाळंतशेपा आणि मोसंबीच्या सालीची एक पट्टी. चार दिवसांनी फडक्यातून गाळली की झाली माझी ‘ॲक्वाविट’. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेत ही दारू कॅरवे नाहीतर शेपूचं बी घालून करतात. कॅरवे म्हणजे आपल्या शहाजिऱ्याचा चुलतभाऊ.

मागच्या वेळची बाटली ऑफिसातल्या मित्रांना दिली. ‘भारी! एकदम क्राफ्ट!’ याच मित्रांच्या तोंडी ‘गावठी’ ही शिवी असते.

माझा राग यावर आहे. मी केलं काय? तयार दारूत मसाला भिजवला. चहा करण्याइतकं सोपं काम. गूळ सडवून, भट्टी लावून थेंब थेंब दारू उतरवणाऱ्या बाईला यातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पण मी हौशी आणि ती आरोपी. तिच्या वाट्याला दोन ओळींची बातमी: ‘हातभट्टीवर छापा, सडवा नष्ट’. १९४९ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायलाही परवाना लागतो. माझ्या एकाही मित्राकडे तो नाही. छापा मात्र तिच्यावरच.

‘हातभट्टीने माणसं मरतात,’ असं कोणी म्हणेल. मरतात. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं रसायन. चोरीछुपे चालणाऱ्या धंद्यात बाटलीत काय आहे ते तपासायला कोणी नसतं, म्हणून असलं विष खपतं. दारूने घरं बुडतात हेही मला माहीत आहे. पण ती परवान्याच्या दुकानातल्या दारूनेही बुडतात.

घरी दारू गाळायला स्वीडनमध्येही बंदी आहे. मसाला भिजवायला नाही. मीही घरोघरी भट्ट्या लावा म्हणत नाही. लहान भट्टीला परवाना द्या आणि तिची दारू तपासा, एवढंच म्हणतोय. शेजारच्या गोव्यात फेणीच्या भट्टीला परवाना मिळतो. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला, २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारशाचा दर्जा दिला. तीही गावातलीच दारू ना?

तोवर नाक मुरडायचंच असेल, तर माझ्या बरणीकडे बघूनही मुरडा.